शिल्लक किती?

माझ्या धाकट्या बंधूंचे लातूरच्या बाजारात आडत दुकान आहे. त्यांची कन्या एम.बी.बी.एस.नंतर मेडिसिन विषयात एम.डी. करू लागली, तेव्हा घरात मोठा आनंद झाला. दुसऱ्या वर्षी मात्र विभागाच्या अंतर्गत परीक्षेत ती मागे पडली. बंधू फोनवर एवढेच म्हणाले, "दादा, पोरगी अभ्यास करते की नाही, तुम्हीच एकदा बघून या."

मी वसतिगृहावर गेलो. टेबलावर जाडजूड ग्रंथ, पानोपानी तीन रंगांच्या रेघा. रात्रभराची ड्यूटी करून आलेली ती मुलगी डोळे चोळत एकच प्रकरण तिसऱ्यांदा वाचत होती. आळसाचा मागमूसही नव्हता. तरीही मी वडीलकीने उपदेश केला, "बेटा, आणखी एकदा वाच." ती हळूच म्हणाली, "काका, वाचताना सारे येते हो. रुग्णासमोर उभी राहिले की आठवत नाही."

परतीच्या प्रवासात मला माझी सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा आठवली. पुस्तक चार वेळा वाचूनही पहिल्या खेपेस मी अनुत्तीर्ण झालो होतो. पुढे शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझे पुस्तक मिटून ठेवले आणि रोज जेवणाच्या सुट्टीत मला प्रश्न विचारले. त्या बळावर मी उत्तीर्ण झालो. आणि तेच विसरून पुतणीला पुन्हा वाचावयास सांगून आलो होतो!

हा अनुभव केवळ माझा नव्हे. पाठ केलेले किती वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडले होते. २००९ मध्ये अमेरिकेतील लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी निवासी डॉक्टरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक डॉक्टरने एका विषयाच्या वारंवार चाचण्या दिल्या, तर दुसऱ्या विषयाची केवळ वाचून उजळणी केली. सुमारे सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा चाचण्यांच्या विषयात सरासरी ३९ टक्के गुण मिळाले, उजळणीच्या विषयात २६ टक्के. ३९ टक्के हेही काही फार नव्हेत. पण परतावा दीडपट आहे, हे आपल्यासारख्यांच्या सहज ध्यानी येईल.

व्यापारी घरांना हे नवे नाही. माल आला म्हणजे नफा झाला असे कोणी मानीत नाही. रोजमेळ त्याच सायंकाळी जुळवावा लागतो. वाचन ही आवक आहे. पुस्तक मिटून जे सांगता येते, ती शिल्लक. स्वाध्यायाच्या प्रकारांतही वाचनेपाठोपाठ पृच्छना सांगितली आहे, ती उगीच नव्हे.

मी पुतणीला फोन करून माझी चूक कबूल केली. मग असे ठरले, की दिवसभरात पाहिलेल्या आजारांवरून तिने तीन प्रश्न उत्तरांसह मला पाठवावेत आणि ते मी चार दिवसांनी व पुन्हा पंधरवड्याने तिला विचारावेत. औषधांची नावे उच्चारताना माझी जीभ अडखळते, ती हसते. "आकडी किती मिनिटे टिकली की तातडीचे उपचार सुरू करावेत?" "पाच, काका." उत्तर चुकले, तर कॅश मोजताना म्हणत असे तसा मी एवढेच म्हणतो, "फरक येतो आहे, पुन्हा पाहा."

तिची अंतिम परीक्षा अजून व्हावयाची आहे. तिच्या जागरणांवर माझ्याजवळ उपाय नाही. परंतु आपण अभ्यासात कमी पडतो, हा जो समज तिच्या मनात आम्ही वडीलधाऱ्यांनीच रुजविला होता, तो आता निघाला आहे. परवा बंधूंनी विचारले, "हल्ली किती तास वाचते?" मी म्हणालो, "तास नको विचारूस. परवा वाचलेले आज किती उरले, ते विचार."

आता काही रात्री दुकान बंद झाल्यावर तेच तिला प्रश्न विचारतात.