बॅटरीची जागा

बी.ए. मराठी झालेल्या, उभा जन्म संधी-समास शिकवण्यात घालवलेल्या माणसाला गाडीच्या बॅटरीविषयी कोणी विचारावं असा काही नियम नाही. पण घरात वडीलधारं माणूस एकच उरलं की सगळे प्रश्न त्याच्याकडेच येतात. पुतण्याने पुण्याहून विचारलं, "काका, बाबांच्या गाडीची बॅटरी कुठे बसवायची? तुम्ही सांगाल तिथे."

आधी गाडीची ओळख करून देतो. दादाने जुनी, लांब चासीची महिंद्र जीप घेतली होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्र ज्या अमेरिकन विलीज जीपा आपल्याकडे जोडू लागली, त्याच घराण्यातली. मागचा भाग कापून त्यावर लाकडी हौदा चढवला आणि झाली आंब्याच्या पेट्यांची गाडी! आर.सी. बुकावर तशी नोंदही करून घेतली होती. पुढे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. इथेच बॅटरीची मूळ जागा गेली. डिझेल सुरू करायला सेल्फला जास्त जोर लागतो, म्हणून बॅटरी मोठी. ती जुन्या ताटलीत मावेना, आणि नव्या इंजिनाचा सायलेन्सरचा पाइप नेमका तिच्याशेजारून गेला. दादाने ती कशीबशी पट्टीने आवळून वर्षानुवर्षं चालवली. तो गेल्यावर गाडी पडवीत उभी राहिली ती राहिलीच. आता पुतण्याने ती पुन्हा उभी करायला घेतली आहे, एवढी ही हकिगत.

त्याला हवंय की बॉनेट उघडल्यावर आत फक्त इंजिन दिसावं, चकचकीत. हल्ली हौशी लोक असंच करतात म्हणे. म्हणून त्याने दोन जागा सुचवल्या: हौद्याखाली चासीच्या मध्ये, नाहीतर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली.

सीटखालच्या जागेला माझा पहिल्याच झटक्यात नकार होता. आमच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली इंधनाची टाकी आहे. तिच्या शेजारी बॅटरी म्हणजे चुलीशेजारी गवताची गंजी. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखालीच असे. सीटच्या स्प्रिंगा दबून टर्मिनलला टेकल्या आणि सीट पेटली, असे प्रकार तिकडे घडलेले आहेत. शिवाय चार्ज होताना ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के जरी साठला तरी एक ठिणगी पुरते. त्या सीटवर पुतण्याची साडेचार वर्षांची मुलगी बसणार आहे, हे सांगितल्यावर तो स्वतःच गप्प झाला.

हौद्याखालच्या जागेवर मात्र आमचा वाद रंगला. तो म्हणाला, "काका, १९५९ च्या मिनीत बॅटरी डिकीत होती. जुन्या शेवरले पिकअपमध्ये केबिनच्या फळीखाली असायची. आणि आपल्या एसटीची, ट्रकची बाजूला पेटीत नसते का?" मुद्दा खरा आहे. एसटी स्टँडवर पेटीचं झाकण उघडून फिटर खाटखूट करत असतो, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. पण त्या पेटीसमोर दररोज कोणीतरी उभं असतं! डेपो आहे, फिटर आहे, वही आहे.

मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. (व्याकरणात यथातथाच होता, हातात मात्र जादू आहे.) त्याने हिशेब समजावला तो लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल. सेल्फ मारताना डिझेल गाडी तीनशे अँपिअरपर्यंत करंट सहज ओढते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला दर मीटरला साधारण अर्धा मिलिओहम रोध. बॅटरी इंजिनाजवळ, केबल एक मीटर, तर तारेत ०.१५ व्होल्ट जातात. हौद्याखाली नेली, केबल चार मीटर, तर ०.६ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरीचे मुळात १२.६, आणि सेल्फ मारताना तेही आणखी उतरतात. बॅटरी नवी असेतो चालून जाईल, म्हातारी झाली की सकाळी घरघर करून बसेल. जाडी केबल टाकता येते, पण तांब्याचा भाव काय झालाय! आणि त्या लांब केबलला वाटेत कुठे चासीची धार घासली तर ती थेट शॉर्ट.

शिवाय ही रत्नागिरी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. भाट्याच्या बाजूला घर असलेल्यांना विचारा, खिडकीची बिजागरी किती वर्षं टिकते. हौद्याखाली चाकांनी उडवलेला लाल चिखल थेट पेटीवर येणार.

पण हे सगळं मिस्त्रीचं. माझा मुद्दा वेगळाच होता. पुतण्या वर्षातून चारदा येतो. ॲसिडची बॅटरी नुसती उभी राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेट धरून कायमची जाते. म्हणजे दर आठवड्याला कोणीतरी गाडी सुरू करून अर्धा तास फिरवली पाहिजे, महिन्याला झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घातलं पाहिजे, टर्मिनलवर पांढरं साचलं की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावलं पाहिजे. हा 'कोणीतरी' कोण, हे फोनवर कोणी उच्चारत नव्हतं.

वहिनी पलीकडे तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजींचे गुडघे गाडीखाली जायचे नाहीत."

फोनवर बराच वेळ शांतता. मग पुतण्या म्हणाला, "बिनपाण्याची बॅटरी घालू, काका. आणि मी दर महिन्याला येईन."

दर महिन्याला येईन, हे दादाही त्या वयात मुंबईहून म्हणत असे. असो. बिनपाण्याची घालायला माझी ना नाही, पण तीही उतरतेच. ती आपली आपण सुरू होत नाही.

शेवटी ठरलं ते असं. बॅटरी बॉनेटखालीच, पण सायलेन्सरच्या पाइपच्या विरुद्ध बाजूला. त्यासाठी एअर फिल्टर थोडा सरकवावा लागेल. उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते, साधारण दहा अंश वाढले की निम्मं, असा ठोकताळा आहे. म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसाही. खाली तीन मिलिमीटरच्या पत्र्याची ताटली, तिला ॲसिड न खाणारा रंग दोन हात, वर रबराचा तुकडा आणि दोन बोल्टांची पक्की पट्टी. निगेटिव्हला कट-ऑफ स्विच, तो मात्र उभ्याउभ्या हाताला येईल असा. खोलताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हे मी वहीत लिहून घेतलं आहे.

चकचकीतपणाचं काय, तर बॅटरीवर काळं झाकण घालायला मी परवानगी दिली आहे.

ताटली मिरजोळ्याच्या एमआयडीसीत करायला टाकली आहे. मिस्त्री "पुढच्या मंगळवारी, सर" म्हणतो. मंगळवार कुठला ते त्याने अजून सांगितलेलं नाही. पहिल्या आंब्याच्या पेट्या निघायच्या आत गाडी उभी राहायला हवी. वहिनीने हौद्यात अंथरायला पेंढा आत्ताच बाजूला काढून ठेवला आहे.