बेटाचे काटे

आमच्या घरामागे बांधावर कळकाचे एक बेट आहे. ते आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी लावलेले. आम्ही धंद्याने बुरूड. सुपे, रोवळ्या, पाट्या, कोंबड्यांची डालगी विणून आमचे घर चालले. तेव्हा ते बेट म्हणजे आमची तिजोरीच म्हणायची. त्या तिजोरीचे कुलूप मी स्वतःच्या हाताने तोडले, त्याची ही हकिकत.

प्रथम वर्षाची परीक्षा देऊन मी गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा, म्हणून गल्लीत थोडा मान होता आणि माझ्या डोक्यात थोडी हवाही होती. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे माजलेले. आबा एका अंगाने वाट करून जून बांबू तेवढे काढायचे. बाकीच्या जाळीला हात लावीत नसत. मला तो अडाणीपणा वाटला. बूड मोकळे केले तर हवा खेळेल, बांबू सरळ वाढतील, असे माझे शास्त्र! आबा पाहुण्यांकडे गेले होते. दोन दिवस कोयता चालवून मी बेट लख्ख केले.

आबा परतले. त्यांनी बेटाकडे पाहिले, माझ्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "बरं केलंस बाबा. शिकलेला हाईस."

पाऊस लागला आणि कोंब वर आले. वीतभर होतात न होतात तोच गल्लीतल्या शेळ्यांनी आणि म्हशींनी ते खाऊन टाकले. एकही नवा बांबू उभा राहिला नाही. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

पुढे पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मी बांबू हाच विषय घेतला. ग्रंथालयात माधव गाडगीळांचे लेखन वाचताना एका ठिकाणी मी एकदम थबकलो. १९७५ साली कर्नाटक सरकारने गाडगीळांकडे एक प्रश्न सोपवला होता. ते तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. कारवार जिल्ह्याच्या जंगलातला बांबू झपाट्याने संपत चालला होता आणि कागद गिरणीला कच्चा माल पुरेना. गिरणीवाले बोट दाखवीत गावकऱ्यांच्या गुरांकडे. याच बांबूसाठी गिरणीला टनामागे अवघा दीड रुपया दर लावून दिला होता, असे गाडगीळांनी लिहिले आहे. आणि बुरुडाला मात्र बाजारभावाने घ्यावा लागे! दीड रुपयाच्या वस्तूची काळजी कोण करणार?

पण मला चटका बसला तो पुढे. बांबूची वाढ चांगली व्हावी म्हणून बेटाच्या बुडाचे काटे साफ करावेत, असा तेथे शास्त्रीय समजला जाणारा नियम होता आणि तो पाळलाही जात होता. गावकरी गाडगीळांना म्हणाले, ही चूक आहे; हे काटेच कोवळ्या कोंबांना जनावरांपासून राखतात. गाडगीळांनी ते बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांचा प्रत्यक्ष अभ्यास केला. गावकऱ्यांचेच खरे निघाले.

म्हणजे माझी चूक मोठमोठ्या माणसांनी माझ्याआधीच करून ठेवली होती! क्षणभर बरे वाटले. मग जास्तच लाज वाटली. त्यांना बेट परके होते. माझ्या तर घरामागे होते आणि सांगणारा घरात.

कारखाना, सरकार आणि विद्यापीठ यांनी मिळून संशोधन करावे, असे आपण व्याख्यानांत नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. बंगळूरलाच १९६२ साली प्लायवुड उद्योगाच्या सहकारातून एक संशोधनसंस्था उभी राहिली. बांबूच्या चटयांना रासायनिक डिंक लावून, उष्णतेत दाबून लाकडासारख्या फळ्या करण्याचे तंत्र तिने विकसित केले. या फळ्यांसाठी लागणाऱ्या चटया विणतात खेड्यापाड्यांतल्या बाया. प्रयोगशाळेला तिथे विणणाऱ्या हातांची गरज पडली आणि त्या हातांना काम मिळाले. पण त्या बैठकीच्या टेबलाभोवती तीन खुर्च्या मांडल्या की काम भागते, असे मला आता वाटत नाही. चौथी खुर्ची हवी. आणि तिच्यावर बसणाऱ्याला सही करता येत नसली तरी चालेल.

दिवाळीत घरी गेल्यावर मी आबांना सारे वाचून दाखवले. पाटीचा काठ वळता वळता ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग त्या साहेबांनी गावात इचारलं व्हय?"

"हो, विचारलं."

आबांनी कांब दातात धरली, गाठ आवळली आणि म्हणाले, "तू इचारलं नव्हतंस."

प्रकल्पाच्या वहीत 'माहिती देणाऱ्यांची नावे' असे शेवटी एक पान असते. मी ते पान पहिले केले आणि त्यावर आबांचे नाव लिहिले. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी बेटाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. जाळी पुन्हा माजेपर्यंत तेवढाच आधार. कुठला काटा कुठे टाकायचा, ते या वेळी मी आधी विचारले.