कुलपात जपलेला संगणक



तुमच्या शाळेत असं एखादं कपाट आहे का, ज्यातल्या वस्तू मुलांनी फक्त काचेतून बघायच्या? आज अशाच एका कपाटातल्या संगणकाची गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगते.

मी हायस्कूलला होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक संगणक कुलपात असायचा. फिकट रंगाचा जाड डबा, त्यातच कीबोर्ड आणि वरच्या ओळीत दहा लाल-केशरी बटणं. आम्ही काचेला नाक लावून बघायचो. हात लावायचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "खराब होईल."

तो होता बीबीसी मायक्रो. बीबीसीच्या संगणक साक्षरता उपक्रमासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ च्या डिसेंबरात आणला. पुढे १९८४ मध्ये आपल्या सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच यंत्र भारतातल्या निवडक शाळांमध्ये आलं. मेमरी किती, तर ३२ केबी! आपल्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

मागच्या वर्षी तिथलं जुनं सामान निकाली निघालं. आमचे विज्ञानाचे सर आता निवृत्त झालेत, पण त्यांनी हा संगणक भंगारात जाऊ दिला नाही. मला फोन करून म्हणाले, "घेऊन जा गं. तुझ्या पोरांना दाखव."

मला कोण आनंद! दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या टीव्हीला जोडला आणि चौथीच्या मुलांसमोर बटण दाबलं. बीप वाजली, पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा मिनिटं सगळं छान चाललं. मग 'फट्' असा आवाज झाला आणि डब्यातून पांढरा धूर निघायला लागला. वास तर असा की घसा धरला. मी प्लग ओढला आणि मुलांना बाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही, पण माझे हात थरथरत होते. काही झालं असतं तर त्यांच्या आईवडिलांना काय उत्तर दिलं असतं?

एकाने हळूच विचारलं, "बाई, मेला का तो?"

मी म्हटलं, "हो. मेला."

शनिवारी सरांना घेऊन तालुक्याला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांकडे गेले. त्यांनी आधी आतला पॉवर सप्लायचा डबा वेगळा काढला. तो उघडल्यावर लगेच हात घातला नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमधला भार रेझिस्टर लावून उतरवला. म्हणाले, "मॅडम, प्लग काढल्यावरही यात तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. घरी उघडायच्या भानगडीत पडू नका." तुम्हालाही हेच सांगते.

मग त्यांनी चिमट्याने एक छोटा जळका तुकडा दाखवला. तोही कपॅसिटरच, पण त्याचं काम वेगळं. हा सप्लाय वीज फार वेगाने चालू-बंद करत चालतो. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट घरातल्या वायरिंगमध्ये परत जाऊ नये म्हणून हा थेट लाईनवर बसवलेला असतो. आत धातूचा थर दिलेला कागद, बाहेर कडक कवच. वर्षं गेली की कवचाला तडे जातात, तड्यांतून दमट हवा शिरते आणि एक दिवस वीज मिळाली की धूर.

"पण संगणक?" मी विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय? मेंदू शाबूत आहे. आणि मॅडम, हा कपॅसिटर वापरून नाही गेला. हा पडून पडून गेला."

सर काहीच बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुमच्या बॅचला मी हातसुद्धा लावू दिला नाही. वाटायचं, आपण जपतोय." मला काय बोलावं कळेना.

सगळा सप्लाय काढून नवा बसवायचा, हाही मार्ग होता. पण आम्ही डबा तोच ठेवून आतले भाग बदलायचं ठरवलं. लाईनवरचे कपॅसिटर नव्या प्लास्टिक फिल्मचे घेतले, 'एक्स-टू' छापाचे. लाईनवर हाच प्रकार लागतो, साधा चालत नाही. आतला द्रव सुकतो म्हणून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलले. मग दादांनी सिरीज बल्ब लावून वीज दिली. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला. तो भगभगत राहिला असता तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. संगणक न जोडता आधी गाडीचा बल्ब जोडून व्होल्टेज मोजलं. आतल्या चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. मीटरवर ५ च्या किंचित वर आकडा आला. तेव्हा कुठे संगणक जोडला. बीप!

सोमवारी मुलांना आधी माझ्या दोन चुका सांगितल्या. इतकी वर्षं बंद असलेली वस्तू जाणकाराकडून न तपासता तुमच्यासमोर चालू केली, ही पहिली. आणि धूर बघून न तपासताच 'मेला' म्हणून टाकलं, ही दुसरी. तो जळका तुकडा डबीत घालून वर्गात फिरवला. मग एकेकाने येऊन आपलं नाव टाईप केलं. पडद्यावर नाव उमटलं की चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

एक मुलगी मात्र बटणावर बोट धरून थांबली. "बाई, तुटलं तर?"

मागच्या बाकावर सर बसले होते. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुटू दे. आपण दुरुस्त करू."

मित्रांनो, आपल्या शाळांमध्ये टॅब, सूक्ष्मदर्शक, पेटी, विज्ञानाच्या पेट्या असं किती काही खराब होऊ नये म्हणून कुलपात आहे. ते तिथेही खराब होतंच, फक्त कुणाच्या उपयोगी न पडता. उद्या शाळेत गेलात की त्या कपाटाची किल्ली मागा. विजेची जुनी वस्तू असेल तर आधी जाणकाराला दाखवा. आणि मग मुलांच्या हातात द्या.