चुकारा, यष्टी आणि सौभद्र

आमच्या नांदगाव खंडेश्वरात कापसाचा चुकारा हाती पडला की घरोघरी दोन बेत ठरलेले असत. एक कपडेलत्त्यांचा, दुसरा अमरावतीला नाटक पाहायला जायचा. हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या कंपन्या वऱ्हाडाच्या दौऱ्यावर निघत. संगीत नाटक लागल्याची बातमी यष्टीच्या कंडक्टरकडून गावात पोचली की त्या दिवसापासून आमचं नाटक सुरू होई.

अंतर जेमतेम ३५-४० किलोमीटरचं, पण तयारी आठवडाभर चाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं 'सौभद्र' असलं, तर आबाजी रोज संध्याकाळी ओट्यावर पेटी काढून एकेक पद म्हणून दाखवत. सुभद्रेचं लग्न कुणाशी ठरतंय, अर्जुन यतीचा वेष का घेतो, कृष्ण पडद्यामागून कोणती सूत्रं हलवतो, हे आम्हा पोरांना तिकिटाआधीच पाठ असे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कोणत्या पदानंतर कोणतं पद येतं ते ती बिनचूक सांगे.

निघायच्या दिवशी डब्यात दशम्या, कोरडं बेसन आणि ठेचा. अमरावतीत उतरल्यावर आधी अंबादेवी आणि एकवीरेचं दर्शन, मग गिला वडा, मग राजापेठेतल्या नातलगांकडे टेकणं. रात्री पडदा वर जायच्या आत आजी बजावे, "पोट्टेहो, डोये मिटू नका, नारदाचं पद चुकीन!" आवडत्या पदाला 'वन्स मोअर' मिळाला की गायक त्याच पदात नवी जागा दाखवी, आणि पुढच्या रांगेतली जाणकार मंडळी मान डोलावत. प्रयोग संपला तरी परतीची गाडी सकाळीच. उरलेली रात्र नातलगांच्या बैठकीत, सतरंजीवर, कोणाची तान कशी गेली याची उजळणी करण्यात सरे.

या ओढीमागे अभिमानही होता. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगलेल्या या माणसाचं 'रणदुंदुभी' १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. पुढे १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मलेले. "आपल्या मूर्तिजापूरचा माणूस," असं आबाजी म्हणत तेव्हा त्यांचा आवाज जड होई. नाटक दुरून येत असलं तरी ते परकं नव्हतं.

आता नाटकासाठी थेट मुंबई गाठता येते. संध्याकाळी अमरावतीहून एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. आमच्याच यवतमाळ रस्त्यावरच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून विमानही उडू लागलं. समृद्धी महामार्ग तर आमच्या तालुक्यातूनच जातो. दोन दिवसांच्या सहलीत गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस पाहता येतं. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे थिएटर १९९३ मध्ये बंद पडलं आणि डागडुजीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. पहिल्याच रात्री मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या.

माझ्या नातीनं मला त्या थिएटरात नेलं. नक्षीदार छत, सोनेरी कोरीवकाम, मखमली खुर्च्या, सगळं डोळे भरून पाहिलं. ऑपेराची गायिका मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवते हे ऐकलं, तेव्हा बालगंधर्वांच्या पिढीबद्दल आबाजी सांगत तेच आठवलं. भाषा निराळी, सूर निराळे, पण गाण्यातून गोष्ट पुढे नेण्याची साधना तीच.

जुन्या दिवसांचा गोडवा आठवताना एक गोष्ट मी विसरू शकत नाही. माझी माय त्या यष्टीत क्वचितच असे. जनावरांची धार कोण काढणार, म्हणून ती मागे राही आणि दुसऱ्या दिवशी आमच्या तोंडून नाटक ऐके. आज गावातल्या लेकी-सुना स्वतः तिकीट काढतात, बॅग भरतात आणि निघतात. ही कमाई फार मोठी आहे. ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मला वाटत नाही ते यामुळेच.

हळहळ वाटते ती तयारीची. तिकीट फोनवर दोन मिनिटांत निघतं आणि आपण पदं न ऐकता, गोष्ट न वाचता खुर्चीत जाऊन बसतो. प्रयोग संपला की ज्याची त्याची गाडी आणि ज्याचा त्याचा फोन. ज्या श्रोत्याला मूळ चाल ठाऊक नाही, त्याला गायकानं घेतलेली नवी जागा कशी कळणार? आणि दाद देणारं कोणी नसेल, तर गायकानं तरी ती कोणासाठी घ्यावी?

हे परत आणणं आपल्या हातात आहे. पूर्वी आठवडा लागे, आता सगळी पदं मोबाइलवर मिळतात. आठ दिवस ओट्यावर चारजणांनी बसून ती ऐकावी, पोरांना गोष्ट सांगावी, आणि मग दहा-बाराजणांनी मिळून निघावं, मुंबईला किंवा अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात. कंपन्या वऱ्हाडात येत, कारण इथे तयारीचा प्रेक्षक भेटे. नांदगावानं एक रांग जरी भरली, तरी दौरा आखणाऱ्याला अमरावतीचं नाव पुन्हा लिहावंसं वाटेल.