वजन आणि चरबीची जागा

लठ्ठपणा ही खादाडपणाची किंवा आळसाची शिक्षा आहे, हा समज समाजात इतका खोल रुजला आहे, की त्यातील आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला तरी ती ऐकणाऱ्याला निव्वळ सबब वाटते. वास्तविक डेन्मार्कमधील दत्तक मुलांचा जो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला, त्यात मोठेपणी त्यांची अंगकाठी पालक आईवडिलांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळलेली आढळली. पुढे २००७ मध्ये 'एफटीओ' या जनुकातील एक बदल उजेडात आला. तो आई आणि वडील अशा दोघांकडूनही लाभलेल्या व्यक्तीचे वजन, तो मुळीच नसलेल्या व्यक्तीपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोंनी जास्त भरते. वजनाशी निगडित असे शेकडो जनुकीय भेद आता ठाऊक आहेत आणि त्यांतील बरेचसे भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागांत काम करतात. त्यामुळे ज्याला लोक मनोनिग्रह म्हणतात, तो सर्वांना सारखाच सोपा असतो असे मानणे अन्यायाचे आहे.

चरबी किती साठते याइतकेच ती कोठे साठते हेही महत्त्वाचे असते, कारण मांड्यांवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी, तर पोटातील अवयवांभोवतीची चरबी मधुमेहाला आणि हृदयविकाराला वाट करून देणारी. कंबर व नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तराशी संबंधित जनुके मेंदूपेक्षा प्रामुख्याने मेदऊतीत, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशींच्या समूहात, सक्रिय असतात आणि त्यांतील अनेकांचा प्रभाव स्त्रियांमध्ये अधिक दिसतो.

वजनकाट्यावर हा भेद दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ इतकाच होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. हा फरक भारतीयांमध्ये जन्मापासूनच असतो. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, त्यांचे स्नायूही रोडावलेले होते, मात्र पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारच थोडी कमी होती. याचे सारे श्रेय किंवा दोष जनुकांच्या माथी मारणे मात्र घाईचे ठरेल; याच गावांतील ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची शरीराची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.