खालच्या मजल्यावरचे अंकल

सिंगापुरात आमच्या घराचं नुकसान झालं आणि त्याची भरपाईही मला मिळाली. ती मिळवण्याचं बळ मला दिलं आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अंकलनी. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला सगळेच अंकल म्हणतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण त्यांचं ऋण मात्र मला जाहीरपणे सांगायचं आहे.

बुकित बातोकमधला आमचा फ्लॅट हाउसिंग बोर्डाचा, जुना, आधीच्या मालकाकडून विकत घेतलेला. नवा एसी बसवायला आलेल्या माणसाने त्याच्या पाण्याची नळी बाथरूममध्ये सोडण्यासाठी भिंतीला भोक पाडलं. त्याच भिंतीत आधीच्या मालकाने नळाचा पाइप बुजवला होता. ड्रिल त्याला लागलं. त्या दिवशी काहीच दिसलं नाही, पाणी भिंतीच्या आत झिरपत राहिलं. मग बेडरूमची लाकडी फरशी फुगून वर आली, कपाटाचा तळ सुटला आणि अंकलच्या छतावर तपकिरी डाग पसरला.

एसी बसवणारा ठेकेदार म्हणाला, पाइपच जुना होता. पुन्हा विचारलं तेव्हा त्याने बिलाच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली, की इतर नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. त्यानंतर तो फोन उचलेना. नवरा कामानिमित्त सतत बाहेरगावी, मुलगी लहान, देश परका. त्यात खालच्या घराची धास्ती. छतातून गळती झाली की दुरुस्तीची जबाबदारी इथे वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही घरांवर येते, आणि त्यावरून कितीतरी शेजाऱ्यांमध्ये कायमचा अबोला धरला जातो. अंकल भांडायला आले असते तर मी काही बोलू शकले नसते.

ते आले टॉर्च घेऊन. उभं आयुष्य त्यांनी बांधकामांवर साइट सुपरवायझर म्हणून काढलं होतं. आधी त्यांनी पाण्याचा मुख्य कॉक बंद करायला लावला. मग भिंतीवर ठिकठिकाणी बोटांनी वाजवून ओल कुठे आहे ते दाखवलं. म्हणाले, "घाईने डागडुजी करू नकोस. लायसन्सवाला प्लंबर बोलाव, आणि भिंत फोडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढ." प्लंबरने पाइप उघडा केला. छिद्र गोल होतं, कडा ताज्या होत्या. गंजून पडलेलं छिद्र असं नसतं. अंकलनी त्याच्याशेजारी मोजपट्टी धरली आणि मगच मला फोटो काढू दिला.

स्वतःच्या छतावर त्यांनी आधीपासूनच एक काम चालवलं होतं. डाग वाढेल तशी त्याच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढायची आणि शेजारी तारीख लिहायची. पहिली तारीख एसी बसवल्यानंतरची होती. पाइप दुरुस्त झाल्यावर डाग वाढायचा थांबला. पाणी कुठून आणि कधीपासून आलं, हे त्या छतानेच सांगितलं.

मुंबईत आमच्या घरी ग्राहक पंचायतीचा संघ होता. 1975 साली सुरू झालेल्या त्या चळवळीतलं महिन्याचं वाणसामान आमच्या बाहेरच्या खोलीत वाटलं जायचं. ग्राहकाचा हक्क हे शब्द ऐकतच मी वाढले. पण एकटीने कागद जमवायची वेळ आली तेव्हा, शेजारी बसून एकेक कागद तारखेप्रमाणे लावणारं माणूस लागतं, हे मला अंकलमुळे समजलं.

स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल इथे 1985 पासून आहे. 20,000 सिंगापूर डॉलरपर्यंतचा दावा तिथे करता येतो, दोन्ही बाजू राजी असतील तर 30,000 पर्यंत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, तोही ऑनलाइन. वकील कुणालाच आणता येत नाही. सामान्य ग्राहकाला 5,000 डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी फक्त 10 डॉलर शुल्क पडतं. माझा दावा त्यातच बसत होता. प्लंबरचा अहवाल, फरशी आणि कपाटाच्या दुरुस्तीची वेगवेगळ्या दुकानांतली दरपत्रकं, ठेकेदाराला पाठवलेलं मागणीपत्र आणि अंकलचं सही केलेलं निवेदन मी जोडलं. बिलावरच्या त्या ओळीची मला भीती होती, पण निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केल्यावर अशी अट वाजवी असेल तरच इथल्या कायद्यापुढे टिकते.

हॅव्हलॉक स्क्वेअरच्या न्यायालयात आधी रजिस्ट्रारसमोर समेटाची बैठक होते. अंकल बाहेर बाकावर बसून राहिले. ठेकेदाराने पाइपचा फोटो आणि छतावरच्या तारखा पाहिल्या आणि त्याने वाद सोडला. फरशी जुनी असल्यामुळे नव्या फरशीची पूर्ण रक्कम मिळाली नाही, ते रास्तच होतं. बाकी पैसे हप्त्यांनी द्यायचं ठरलं आणि तसा आदेश झाला.

आपलं छत अंकलनी स्वतःच रंगवलं. मी पैशांचं पाकीट घेऊन गेले तेव्हा त्यांनी रंगाच्या डब्याचं बिल काढलं, तेवढीच रक्कम मोजून घेतली आणि मला सही करून पावती दिली. मजुरीचं विचारल्यावर नुसती मान हलवली. माझ्यासाठी घालवलेल्या वेळाचा तर विषयही त्यांनी निघू दिला नाही. माझ्या घरातल्या पाण्याने ज्यांचं घर खराब झालं, तेच माझ्या बाजूने उभे राहिले. पावती फक्त रंगाची आहे, बाकीचं सगळं माझ्याकडून येणंच आहे, आणि त्यांच्या घरी जाऊन ते फिटणार नाही. म्हणून ओळखीच्या मराठी कुटुंबात असं काही घडलं की मी त्यांच्याकडे जाते, त्यांच्यासोबत बसून कागद तारखेप्रमाणे लावून देते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरून गप्प बसू नका. दुरुस्तीआधी फोटो काढा, जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या, मुदत हुकवू नका. आणि ठेकेदाराशी वाद घालण्याआधी खालच्या घराची बेल वाजवा.