काक्षी पांढरी कशी?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. दसऱ्यानंतर उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही असा हुकूम होता आणि आमचे हे तो डॉक्टरांपेक्षाही कडक पाळत होते. आता सुटका झाली आहे, तर आधी एक कबुली देऊन टाकते.

मृग नक्षत्राचा माझा फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितला आहे. जानेवारी २०२५ मध्ये काढलेला. नागपूरच्या जाऊबाईंनी तर तो मोबाईलवर लावून ठेवला आहे. जाऊबाई, काढून टाका. तो चुकला आहे.

सगळं पहिल्यापासून सांगते. भाच्याचा जुना कॅनन कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर कॅमेरा उलटा फिरवणारं एक छोटं यंत्र, जे नातवाने माझ्या वाढदिवसाला दिलं. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे लावावा लागतो. आमच्याकडे ध्रुव जेमतेम २१ अंश वर असतो. जितके अक्षांश तितकी ध्रुवाची उंची, हे मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं, पण धानाच्या रिकाम्या बांधीत गुडघे टेकून तो ध्रुव शोधताना ते पहिल्यांदा नीट कळलं. (गुडघ्यांनाही कळलं.)

आमचं शेत नवेगावबांधच्या अलीकडे. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला, त्याचं कौतुक आहेच, पण आमची बांधीही काही कमी काळी नाही. पौष अमावास्येची रात्र होती. शेजारच्या शेतातले काका काठी टेकत आले. "बाई, का पाहून राह्यल्या जी?" म्हटलं, मृग. ते वर बघून म्हणाले, "तो तं नांगर होय." गोंड लोक मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांत आणि खालच्या तलवारीत नांगर बघतात. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि त्यांच्याबरोबर गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये गोंडांच्या आकाशज्ञानावर निबंध लिहिला आहे, त्यात हा नांगर आहे. काकांना अर्थात निबंधाची गरज नव्हती.

एकेक मिनिटाचे १०० फोटो काढले. शंभर कशाला? एका फोटोत कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके-दाणे इतके असतात की अंधुक तेजोमेघ त्यात हरवतो. शंभरांची सरासरी काढली की दाणे एक दशांश उरतात. आम्ही वर्गात मैदानाची लांबी चाळीस मुलांकडून मोजून घ्यायचो आणि सरासरी काढायचो, तसंच. हे काम सिरिल नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम करतो.

मग चुका सुरू झाल्या. लेन्सवर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढायचे असतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या उष्णतेने उमटणारे ठिपके वजा करता येतात. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत काढले. रात्रीची थंडी कुठे आणि ती दुपार कुठे! ठिपके जाण्याऐवजी फोटोला गोवर आला. त्यापेक्षा मोठी चूक वेगळीच होती. फोटोच्या एका कडेला गावाच्या दिव्यांची नारिंगी झाक होती. ती काढायला सिरिलला दाखवावं लागतं की बाबा, इथे इथे रिकामं आकाश आहे. मी भराभर चौकोन टाकत गेले आणि त्यातले काही थेट तेजोमेघाच्या फिकट कडांवर पडले. प्रोग्राम आज्ञाधारक. त्याने तेजोमेघालाही दिव्याची झाक समजून पुसून टाकलं. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड मी बोटाने पुसला! दोन संध्याकाळी मला कळेचना की मेघ इतका आखूड का. चौकोन एकेक करून उचलले तेव्हा तो परत आला.

राहिला रंग. मला फोटो सारखा पिवळट, मळकट दिसायचा. मी निळा थोडा वाढवला. अजून थोडा. पांढरा तारा पांढरा दिसेपर्यंत वाढवत गेले, आणि मग समाधानाने सगळ्यांना पाठवला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने मोठा छापून, फ्रेम करून गावच्या शाळेला भेटही दिला.

पुण्याहून नातवाचा एका ओळीचा निरोप आला. "आजी, काक्षी पांढरी कशी?"

आता काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर-पांढरा, हे त्याला मीच अंगणात खाटेवर झोपून शिकवलं होतं. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्व्हिन, राजन्याचा १२,०००. थंड तारा लालसर, तापलेला निळा. मला राग आला, खोटं कशाला सांगू. तुझ्या मोबाईलचा दोष असेल म्हटलं. मग लॅपटॉपच्या पडद्यावर संशय घेतला, कॅमेऱ्यावर घेतला. पडद्याची सेटिंग इतकी बदलली की यांना रोजची बातमीपत्रं वाचता येईनात.

ऑपरेशननंतर परवानगी मिळाली त्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि दचकलेच. माझा मृग, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा! उजवा डोळा हाताने झाकला. डाव्याने बघितलं, तर फोटो अगदी बरोबर. पुन्हा उजव्याने. समोरच्या भिंतीकडे बघितलं. उजव्याला ती चुन्यासारखी पांढरी, डाव्याला दूध घातलेल्या चहासारखी. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. किती वर्षं पडत होतं कोण जाणे. इतकं हळूहळू पडलं की मला पत्ताच नाही. वर कॅमेऱ्याचं भिंग मी मऊ फडक्याने पुसत होते.

नातवाला फोन केला. तो हसला नाही, हे विशेष. म्हणाला, आजी, रंग डोळ्याने लावूच नकोस. सिरिलमध्ये सोय आहे: फोटोतल्या ताऱ्यांची नक्षी तो ओळखतो, गाया उपग्रहाने मोजलेले त्याच ताऱ्यांचे रंग यादीतून काढतो आणि ताळा करून फोटोचे रंग लावतो. सगळं पुन्हा केलं. काक्षी नारिंगी आली, राजन्य निळसर, तेजोमेघ गुलाबी. डाव्या डोळ्याला अजूनही हे सगळं मळकट वाटतं, पण त्याचं मत आता विचारायचं नाही असं ठरवलं आहे.

दिवाळीनंतर शाळा उघडली तशी नवी फ्रेम घेऊन गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जुनाच जास्त खुलून दिसत होता." त्यांना काय सांगणार! मुलांना मात्र सगळं सांगितलं, डोळ्यासकट. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मग आम्ही इतके दिवस बघितला तो खोटा होता?" म्हटलं, तारे जागच्या जागी होते, रंग माझ्या डोळ्याचे होते. तिने दोन्ही फ्रेम भिंतीला शेजारी-शेजारी टेकवल्या आणि आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बराच वेळ बघत राहिली.

जुनी फ्रेम घरी आणली आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. ते होईपर्यंत कुणाला फोटो पाठवणार नाही, काळजी नसावी :-)